ओतलेलं दप्तर

आपल्यापैकी किती जणांच्या घरी मुलांचं दप्तर तपासलं जातं? हात वर करायला सांगितले तर बरेच हात वर होतील. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण दप्तर उघडून पाहणं वेगळं आणि दप्तर ओतणं वेगळं. नवनाथ बोरस्ते दप्तर ओतायचे.

पंचवटीतल्या त्यांच्या घरात हा रविवारचा रिवाज होता. चहा झाला की ते चटई टाकायचे आणि हाक मारायचे, "तेजल, आण." तेजल दप्तर आणून द्यायची. नवनाथ ते तळाला धरून उलटं करायचे आणि चटईवर पडलेली एकेक वस्तू उचलून तिच्यावर शेरा मारायचे. सगळं झाल्यावर तेजलने ते वेचून पुन्हा भरायचं. ती पहिलीत होती तेव्हापासून हे चाललं होतं. आता ती अकरावीत होती.

कामावरही त्यांची तीच रीत. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये ते सुपरवायझर होते. तिथे बाया घड देठाला धरून उचलतात, कारण मण्यांना बोट लागलं की त्यांच्यावरची पांढरी लव पुसली जाते. खराब मणी कात्रीने काढून त्या घड पेटीत लावतात. लावलेल्या पेटीत एक फुटका मणी दिसला की नवनाथ ती अख्खी पेटी टेबलावर ओतायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." बायांनी त्यांचं नाव 'ओतराव' ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्या रविवारी त्यांचे जुने मित्र शेखर आणि त्यांचा कॉलेजात शिकणारा मुलगा घरी आले होते. तेजल दारातच थांबली.

"बाबा, आज नको. नंतर बघा."

"का? लपवण्यासारखं आहे काही?"

"बाबा, प्लीज."

"पाहुणे घरचेच आहेत. आण इकडे."

दप्तर उलटं झालं. वह्या पडल्या, कंपास उघडून पडला, त्यातलं कर्कटक घरंगळत कपाटाखाली गेलं. आणि त्या वयाच्या मुलीच्या दप्तरात असतात त्या खासगी वस्तूही पडल्या, शेखर आणि त्यांच्या मुलाच्या समोर. शेखरचा मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. नवनाथच्या हाताला रसायनशास्त्राचा पेपर लागला होता. ते म्हणाले, "पन्नासपैकी एकवीस. हे लपवत होतीस होय?"

तेजलने गुडघ्यांवर बसून सगळं वेचलं. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली ती संध्याकाळी घरी न येता एसटीने थेट घोटीला, आत्याकडे गेली. तिथून ती रोज नाशिकला कॉलेजला येऊ लागली, पण पंचवटीत पाऊल टाकेना. वडिलांचा फोन घेईना.

तिची आई रेणुका दोनदा घोटीला जाऊन आली. दुसऱ्यांदा परतल्यावर तिने नवऱ्यासमोर एक कागद ठेवला. त्यावर एक नाव आणि पत्ता होता.

"हे काय?"

"कॉलेजातल्या समुपदेशक बाईंनी दिलंय. उज्वला गांगुर्डे म्हणून आहेत. मनाच्या त्रासावर बोलून उपचार करतात."

"मग पाठव तिला. मी कुठे नको म्हणतोय?"

"तेजल म्हणते, मला काही झालेलं नाही. बाबांना पाठवा." रेणुकाने पदराला हात पुसले. "ते जाऊ लागले आणि टिकले, तर मी यायचं बघीन, म्हणते. नाहीतर बारावी घोटीलाच."

नवनाथचा पारा चढला. "मला वेड लागलंय? सोळा वर्षांची पोरगी बापाला डॉक्टर सुचवते आणि तू तो कागद घेऊन येतेस?"

"कागद आणला. पोरगी नाही आणता आली," रेणुका म्हणाली आणि आत गेली.

*

पहिल्या गुरुवारी नवनाथने गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावली. कुणी पाहिलं तर काय सांगायचं, तेही ठरवून ठेवलं होतं. उज्वला गांगुर्डेंची खोली एका शिवणकामाच्या दुकानावर होती. दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर लाकडी ट्रे, भिंतीवर घड्याळ.

"घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे," बसायच्या आधीच ते म्हणाले.

"हो, आहे," उज्वलाताई म्हणाल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, शांत बाई.

"मी इथे मुलीने अट घातली म्हणून आलोय. मला काही झालेलं नाही."

"बरं."

"गोळ्या देणार?"

"नाही. गोळ्या डॉक्टर देतात, ज्यांना लागतात त्यांना. इथे आपण बोलायचं. आज काय खुपतंय ते, आणि तसंच कधी आधी खुपलं होतं का ते. शिवाय तुमचं आणि माझं इथे कसं जमतं, तेही बघायचं."

"बोलायला मला माणसं आहेत."

"कोण?"

नवनाथने बोटं मोजली. पॅकहाउसच्या बाया, टेम्पोवाले, मालक, बायको.

"तुम्ही ज्यांना बोलता त्यांची नावं नकोत. तुम्ही ज्यांच्याशी बोलता त्यांची सांगा."

नवनाथला या वाक्याचा इतका राग आला की उरलेला वेळ ते एक शब्दही बोलले नाहीत. बाईंनीही बळजबरी केली नाही. घरी येऊन ते रेणुकाला म्हणाले, "नुसत्या बसून असतात. हे काय काम झालं?" पण पुढच्या गुरुवारी ते पुन्हा गेले. तेजलची अट होती ना, टिकण्याची.

असे पाच-सहा गुरुवार गेले. ते यायचे, काहीतरी खोट काढायचे. खिडकीची काच तडकलेली आहे. खुर्ची डुगडुगते. तुम्ही जास्त मान हलवता. बाई ऐकून घ्यायच्या, कधी म्हणायच्या, "खरंय." त्यांनी चिडावं असं नवनाथला फार वाटायचं. चिडल्या असत्या तर 'बाईच धड नाही' म्हणून त्यांना सुटता आलं असतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते द्राक्षांची लहान पेटी घेऊन आले. उज्वलाताईंनी एक मणी तोंडात टाकला. "गोड आहेत. थँक्यू."

"खालचा थर बघा."

त्यांनी वरचा घड देठाला धरून बाजूला केला. खाली मुद्दाम ठेवलेला एक फुटका, आंबलेला मणी होता.

"तुम्ही बघितलंच नाही," नवनाथ जिंकल्यासारखे म्हणाले. "दिलं की खाल्लं."

"मला खायची होती, तपासायची नव्हती," बाई म्हणाल्या. "भेट देतानाही तुम्ही परीक्षा ठेवलीत. तुम्हाला असं कोण द्यायचं?"

यावर चिडायच्या ऐवजी नवनाथ चक्क खुलले. ही गोष्ट सांगायला त्यांना नेहमीच आवडायची. "माझे वडील. लय कडक माणूस. मी नऊ वर्षांचा होतो. टोमॅटोची पाटी मी भरली होती, पहिल्यांदाच, एकट्याने. भर बाजारात वडिलांना तळाशी दोन सडके टोमॅटो दिसले. त्यांनी अख्खी पाटी रस्त्यावर ओतली. म्हणाले, पुन्हा. तेव्हापासून एक डाग माझ्या नजरेतून सुटत नाही. त्या एका दिवसाने मला माणूस केलं."

"आणि तो मुलगा?"

"कोणता मुलगा?"

"नऊ वर्षांचा. पाटी ओतली तेव्हा त्याला काय वाटलं?"

"काय वाटणार? वेचले टोमॅटो."

"ते त्याने काय केलं. त्याला वाटलं काय?"

ही गोष्ट नवनाथने शंभर वेळा सांगितली होती. तिच्यात वडील होते, टोमॅटो होते, बाजार होता. तो मुलगा मात्र कुठे दिसेना. "हे उकरून काय मिळतं तुम्हाला?" असं ओरडून ते वेळ संपायच्या आधीच जिना उतरले.

*

पुढच्या गुरुवारी ते पिंपळगावहून उन्हात गाडी हाणत पाचला पोहोचले, तर दाराला कुलूप. पाच मिनिटं झाली. दहा झाली. खालचा शिंपी म्हणाला, "येतील हो, बसा." वीस मिनिटं झाली. पंचविसाव्या मिनिटाला उज्वलाताई धापा टाकत जिना चढल्या.

"माफ करा. आज मी वेळेचं—"

"मला शिकवता!" दार उघडून आत शिरता शिरता नवनाथचा आवाज चढला. "मला माणसांशी वागायला शिकवता, आणि तुम्हाला साधी वेळ पाळता येत नाही! पंचवीस मिनिटं मी त्या शिंप्यासमोर कुत्र्यासारखा उभा!" आणि काय होतंय ते कळायच्या आत त्यांनी टेबलावरचा लाकडी ट्रे उचलला आणि उलटा केला. पेनं, किल्ल्या, टाचण्या, चष्म्याचं घर सगळं फरशीवर सांडलं.

मग ते थांबले. आता काय होणार, ते त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने पाठ होतं. समोरचं माणूस एकतर खाली बसून मुकाट्याने वेचतं, नाहीतर भांडून निघून जातं. बाई वेचतील, नाहीतर हाकलतील. तिसरं काही त्यांनी पाहिलंच नव्हतं.

उज्वलाताई खुर्चीवर बसल्या. त्या सावकाश, स्पष्ट बोलल्या.

"मला उशीर झाला ही माझी चूक. तुम्हाला ताटकळत राहावं लागलं, तुम्ही चिडलात, ते बरोबर आहे. ट्रे ओतलात, ते बरोबर नाही. मी हे एकटी वेचणार नाही. बसा. तुमची पंचवीस मिनिटं मी देणं लागते. आज सहा पंचवीसपर्यंत थांबू."

"तुम्ही मला हाकलत का नाही?"

"हाकललं तर तुमचं काम सोपं होईल."

दोघांच्या मध्ये फरशीवर त्या वस्तू तशाच पडल्या होत्या. खालून शिलाई मशीनचा आवाज येत होता. नवनाथ त्या पेनांकडे बघत राहिले. मग बाईंनी विचारलं, "त्या दिवशी बाजारात वेचायला कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"वडील?"

"समोर टपरीवर चहा पीत उभे होते." नवनाथ म्हणाले. "बघत होते. लोक टोमॅटोवर पाय देऊन जात होते. मी हात घालायचो आणि कुणाचा तरी पाय यायचा. मला..." त्यांनी ओठ दाबले. "मला वाटत होतं, त्यांनी एक तरी उचलावा. फक्त एक."

उज्वलाताईंनी पाणी पुढे केलं. नवनाथने ते घेतलं नाही. थोड्या वेळाने घेतलं.

"म्हणजे आता मी माझ्या मेलेल्या बापाला शिव्या घालायच्या?" ते पुन्हा ताठ झाले. "हेच ना तुमचं शास्त्र? सगळा दोष आईबापाचा."

"शिव्या घालून तेजल घरी येणार असेल तर घालू," बाई म्हणाल्या. "येणार नाही. तुमच्या वडिलांनाही कुणीतरी काहीतरी ओतूनच शिकवलं असेल. दोष द्यायचा नाही, ओळखायचं. ज्या घरात आपण वाढतो तिथे माणसांशी वागायची एक रीत आपल्या हातात बसते. ती इतकी सवयीची होते की तिलाच आपण स्वभाव म्हणतो. जे तेव्हा बोलता आलं नाही, ते हात बोलत राहतात. आज माझ्या ट्रेशी बोलले. रविवारी तेजलच्या दप्तराशी बोलायचे."

"मग मला सल्ला द्या ना. काय करू ते सांगा."

"सल्ल्याने हात बदलत नाहीत. बदलले असते तर रेणुकाताईंच्या सांगण्याने केव्हाच बदलले असते. हात बदलतात ते एखाद्या माणसाबरोबर नवी गोष्ट घडली की. आज तुम्ही ओतलंत, आणि मी पळाले नाही, तुम्हाला हाकललंही नाही. ही नवी गोष्ट. पुढची कोणती, ते तुम्ही बघा."

नवनाथ गुडघे धरत खाली बसले आणि त्यांनी एक पेन उचललं. उज्वलाताईही खुर्चीवरून उतरल्या. दोघांनी मिळून टाचण्या वेचल्या. टाचण्या वेचायला फार वेळ लागतो.

*

एका संध्याकाळीत माणूस बदलत नाही, हे मी इथेच सांगून ठेवतो. त्यानंतरही नवनाथ कैक गुरुवारी भांडले, एकदा तर "पुढच्या वेळी येणार नाही" म्हणून गेले आणि आले. पण मार्चमध्ये, ऐन हंगामात, पॅकहाउसमध्ये एक गोष्ट घडली.

सुलाबाई ही तिथली सगळ्यांत जुनी कामगार. तिच्या पेटीत खालच्या थराला एक फुटका मणी नवनाथला दिसला. त्यांचा हात पेटीच्या कडेला गेला. टेबलाभोवतीच्या साऱ्या कात्र्या थांबल्या. हात तिथेच राहिला.

"सुलाबाई, डाव्या कोपऱ्यातला खालचा घड बघा जरा."

सुलाबाईने संशयाने पाहिलं. "ओतत नाय का आज?"

"नाय."

"बरं वाटत नाय का तुम्हाला?"

टेबलावर खसखस पिकली. नवनाथ लाल झाले. जुना संताप छातीपर्यंत आला; तो त्यांनी ओळखला आणि तिथेच उभे राहिले. सुलाबाईने घड काढला, मणी कापला, घड परत लावला. मग मान वर न करता म्हणाली, "दहा वरसं झाली साहेब. एका मण्यापायी अख्खी पेटी ओतायची, म्हंजे चांगल्या मण्यांची पण लव जाते. आम्हाला हात लावू नका सांगता, आणि तुम्ही आपटता. सांगणार कोण तुम्हाला?"

दहा वर्षं द्राक्षांत काढलेल्या माणसाला ही गोष्ट ठाऊक नव्हती असं नाही. पण ती आज प्रथमच त्यांच्या कानांत शिरली.

घरी गेल्यावर त्यांनी कपाट भिंतीपासून ओढलं. मागे, धुळीत, तेजलचं कर्कटक पडलं होतं.

*

रविवारी नवनाथ घोटीला गेले. त्यांची थोरली बहीण आक्काबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. भावाला पाहून तिने सूप खाली ठेवलं नाही.

"तपासायला आला असशील तर तसाच माघारी फिर. माझ्या घरात दप्तर ओतलं जात नाही."

"आक्का, एक विचारतो. मी नऊ वर्षांचा असताना अण्णांनी बाजारात माझी टोमॅटोची पाटी ओतली होती. तुला आठवतं?"

आक्काबाईचे हात थांबले. "न आठवायला काय झालं? तीन दिवस तू घरात कुणाशी बोलला नव्हतास. जेवायचास, शाळेत जायचास, पण तोंडातून शब्द नाही. आईने देवाला नारळ बोलला होता."

"मी? बोलत नव्हतो?"

"तूच. पोरगी कुणावर गेली म्हणतोस?"

नवनाथ ओट्याच्या पायरीवर बसले. तीन दिवस. हे त्यांना अजिबात आठवत नव्हतं. टोमॅटो राहिले, वडिलांचा 'पुन्हा' राहिला, आणि ते तीन दिवस कुठे पुरले गेले कोण जाणे.

दार वाजलं. तेजल बाहेर आली होती. तिने सगळं ऐकलं होतं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. ती आत गेली आणि दप्तर घेऊन आली. ते तिने वडिलांच्या पायांशी ठेवलं.

"रविवार आहे. तपासा."

तिच्या आवाजात जहर होतं. नवनाथने दप्तराकडे पाहिलं. आक्काबाईने सूप बाजूला ठेवलं. नवनाथने दप्तर बंदाला धरून उचललं, घड देठाला धरून उचलावा तसं, आणि न उघडता तिच्या हातात दिलं.

"मी चुकलो. शेखर आणि त्याच्या पोरासमोर तर चुकलोच, पण त्याच्या आधीच्या सगळ्या रविवारीही चुकलो. तू वेचत होतीस आणि मी बसून बघत होतो." त्यांनी खिशातून कर्कटक काढलं. "हे राहिलं होतं. कपाटामागे गेलं होतं."

तेजलने ते घेतलं. टोक गंजलं होतं. ती ते बोटाने पुसत राहिली.

"उज्वलामॅडमकडे अजून जाता?"

"जातो. गुरुवारी भांडलो त्यांच्याशी."

"मग?"

"परत या म्हणाल्या."

तेजलच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसू म्हणावं इतकं ते मोठं नव्हतं. "शनिवारी येते मी. रविवारी सकाळी तुम्ही काय करता ते बघते. मग ठरवीन."

"चालेल," नवनाथ म्हणाले. "चटई मी शेजारच्या कमळाबाईंना देऊन टाकली."

"तुम्ही? चटई? आईला विचारून?"

"नाही," ते कबूल झाले. "त्यावरून आता ती भांडतेय."

*

वाचकहो, दात दुखला की आपण दवाखान्यात जातो, आणि गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावत नाही. मनाचं दुखणं मात्र आपण स्वभाव म्हणून मिरवतो, आणि आपल्या मुलांच्या हवाली करून जातो. त्यात आपल्याला कडक शिस्तही दिसते आणि मायाही दिसते. दिसत नाही ते एक लहान मूल, रस्त्यावर एकट्याने वेचत बसलेलं. त्या मुलाची चौकशी करायला कुणाची तरी सोबत लागते. कुणी जाणकार माणूस ती सोबत करत असेल, आपल्या रागाने न पळता आणि आपल्याला न हाकलता समोर बसत असेल, तर त्याच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. मुलांची चूक दाखवायलाच हवी. पण एक मणी खराब निघाला तर तो मणी काढावा, पेटी ओतू नये. आणि ओतलीच गेली हातून, तर खाली बसून निदान एक तरी आपण उचलावा.

शनिवारी तेजल आली. रविवारी सकाळी चहा झाला. दप्तर खुंटीला होतं. नवनाथने दोनदा तिकडे पाहिलं, मग पेपर उघडला.

थोड्या वेळाने तेजल स्वतःच रसायनशास्त्राची वही घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसली.

"हे एक मला समजत नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही समजायचं," नवनाथ म्हणाले आणि सरकून तिला जागा केली. "पण दाखव."